मस्टरवरचा तेरावा

२ नोव्हेंबर, रविवार. दुपार

आजपासून रोज लिहायचं. घरात चोर शिरलेला असताना माणसाने नोंद ठेवलीच पाहिजे.

सकाळी दहाला पुण्याहून रेणूचा फोन. नऊ वर्षांची नात, आठवड्यातून एकदा दिसते, तीही काचेत. चौथ्या मिनिटाला चित्र गोठलं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. 'मी आली' नाही, 'मी आले' म्हणायचं, असं मी तिला समजावत होते. वाक्य संपायच्या आत फोन कट. मग प्रशांतचा मेसेज. आई, वायफायवर आणखी कोणी बसलेलं असेल, ॲपमध्ये यादी बघ.

बघितली. तेरा! माझा फोन, देवरावांचा फोन, टीव्ही. चौथं मला सुचेना.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी चौतीस वर्षं हजेऱ्या तपासल्या. माझ्या मस्टरवर बिनपासाचा माणूस कधी सापडला नाही. आणि माझ्याच घरात दहा अनोळखी, फुकट बसलेले.

नवऱ्याला, म्हणजे देवरावांना सांगितलं. ते ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांना आता कशाचीच आच लागत नाही. म्हणाले, असतील काही, मले काय माहीत.

निश्चय: आठ दिवसांत तेराही जणांची ओळख पटवायची.

३ नोव्हेंबर, सोमवार. ११.३०

जुनं रजिस्टर काढलं. रकाने आखले. क्रमांक, नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, शेरा.

पद्धत सोपी आहे. घरातली एकेक वस्तू बंद करायची आणि यादीतून कोण गळतं ते बघायचं. बेडरूमचा एसी गळला. गेटवरचा कॅमेरा गळला. पाणी शुद्ध करायचं मशीन, तेही वायफायवर! त्याला कोणाशी बोलायचं असतं? टीव्हीचा डबा बंद केला तेव्हा देवरावांची मॅच चालू होती. शेवटची ओव्हर होती म्हणे. तपासणीत सवलत नसते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रशांतने दिलेला बोलका स्पीकर. देवरावांचं घड्याळ, म्हणजे हे मनगटावर बसून हजेरी लावतं. देवघरातला भजनाचा जुना फोन. सात ओळखले, तीन बाकी.

संशयित माझ्या डोळ्यांसमोर आहे. नाव लिहीत नाही. पुरावा आल्याशिवाय मी कोणाचं नाव घेत नाही.

रंभा.

५ नोव्हेंबर, बुधवार

रंभा आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिचे यजमान चिंधूभाऊ रोलिंग मिलमध्ये होते, ते वारले. रिसालीत आम्ही प्लॉट घेतला तेव्हा शेजारी कोण आहे हे देवरावांनी बघितलं नाही. कोपरा मिळाला एवढंच बघितलं.

तिच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही. भाजीवाला तिला न मागता कोथिंबीर देतो आणि मला मागून देत नाही, हे मी फक्त बघते. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस तिच्या फाटकाशी थांबतो. माझ्या फाटकाशी कॅमेरा आहे, म्हणून थांबत नसतील.

दिवाळीला रेणू आठ दिवस इथे होती. त्यातले सहा दिवस रंभाच्या मागच्या ओसरीत. तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. तिथून यायची ती 'मले भूक लागून राहिली' असं बोलत. मी तिला वही दिली. रोज दहा वाक्यं शुद्ध लिहायची. तिसऱ्या दिवशी लिहिताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. फटाक्यांचा धूर असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

इंटरनेटवाले कमलेशजी आले. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा दोरीला बांधलेला. अनोळखी तीनपैकी दोन माझा आणि देवरावांचाच फोन निघाले. हल्लीचे फोन म्हणे आपलं खरं नाव लपवतात आणि मधूनच नवं घेतात. जुनं यादीत पडून राहतं. म्हणजे डमी हजेरी. ही ट्रिक आमच्याकडे फार जुनी. पण त्या हिशेबाने चार दिवस मी स्वतःवरच पाळत ठेवून होते. हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

जाताना त्यांनी राउटर बघितला आणि हसले. मॅडम, चोर कहाँ, ये आलमारी है. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलाय, एवढ्या पोलादातून सिग्नल कसा येणार, कपाट सरकवा.

हे कपाट आमच्या लग्नातलं. पत्रा भिलाईचा. चाळीस वर्षांत साधा पोचा पडला नाही. चोर सोडून कपाटाला दोष! सरकवणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

आता एकच उरला. तेरावा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. ५.५०

तेराव्याचं नाव यादीत दिवसभर असतं, पण तो स्वतः रोज पाचला येतो आणि पाच अडतीस-चाळीसला जातो. असा वक्तशीर माणूस मी चौतीस वर्षांत तीनदा पाहिला. तो नुसता बसत नाही, भरपूर खातो. व्हिडिओ. आमच्या घरात सगळ्यात जास्त डेटा त्याचा. सगळ्यात कमी माझा.

आणखी एक नोंद. बरोबर पाचला देवराव मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालायला जातात. कुंड्या पाच. वेळ चाळीस मिनिटं. कुंड्या रंभाच्या ओसरीलगतच्या भिंतीशी आहेत. भिंत कमरेएवढी.

मी काही म्हणत नाही. मी फक्त वेळा लिहिते.

९ नोव्हेंबर, रविवार. १०.१५

रेणूचा फोन. आज चित्र स्वच्छ होतं. कशी आहेस, बरी आहे. अभ्यास, चालू आहे. सतराचा पाढा म्हणून घेतला, सतरा सत्ते एकशे एकोणीसला अडली. मग तिने विचारलं, आजी, मी जाऊ?

तीन मिनिटं. रंभा माझ्या वायफायवर रोज चाळीस मिनिटं सीरियल बघते, आणि माझ्या नातीला माझ्यासाठी तीन.

याला मत्सर म्हणत नाहीत. याला वाटणीतला अन्याय म्हणतात.

१० नोव्हेंबर, सोमवार. ६.००

आज कॅन्व्हासचे बूट घालून मागच्या दारापर्यंत गेले. आवाज न करता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अशाच यायच्या, मागून.

भिंतीपलीकडे रंभा हसत होती. त्या बाईचं हसणं बादली विहिरीत पडल्यासारखं आहे. मग देवरावांचं हसणं. देवराव हसतात हे मी विसरले होते. मध्ये एक बारीक, लहान मुलाचा आवाज. सीरियलमधलं पोर. माझा अंदाज शंभर टक्के खरा.

आत आल्यावर विचारलं, कुंड्यांनी आज काय विनोद सांगितला? म्हणाले, काही नाही, रंभाबाई गावची गोष्ट सांगून राहिली होती, अस्वलाची.

चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडून एकही गोष्ट ऐकली नाही. अर्थात मी सांगितली नाही. तो मुद्दा वेगळा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी सरळ विचारलं, आपला पासवर्ड रंभाला कोणी दिला? देवराव शेंगदाणे सोलत होते. सोलतच म्हणाले, मीच देल्ला, दिवाळीत. तिले काय लागते थोडंसं.

थोडंसं! आकडे दाखवले. त्यांनी चष्मा घरभर शोधला. डोक्यावर होता.

लगेच पासवर्ड बदलला. आता बघू.

१२ नोव्हेंबर, बुधवार. ९.००

टीव्ही बंद. एसी नुसताच उभा. कॅमेरा आंधळा. स्पीकर म्हणतो, मी जोडलेला नाही. सगळ्यांना नवा पासवर्ड भरायचा आहे. सोळा अक्षरी आहे, मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, चिन्ह. मलाच लक्षात राहत नाही म्हणून फ्रिजवर चिकटवला.

४.४०
पाणी शुद्ध करायचं मशीन सोडून सगळे जोडले. कंबर गेली. पण पाच वाजता चेहरा बघण्यासारखा होणार आहे.

५.०१
तेरावा हजर. एक मिनिट उशीर. लेट मार्क.

५.०५
फ्रिजवरचा कागद वाकडा लागलेला आहे. मी सरळ लावला होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

देवरावांशी अबोला. त्यांना अजून कळलेलं नाही.

रंभाने सकाळी भिंतीवरून वाटी दिली. वयनी, पातोडीची भाजी घ्या, भाऊजीले आवडते. भाऊजीले काय आवडते हे तिला माहीत आहे! मी थँक यू म्हटलं. आमच्या सिस्टर म्हणायच्या, थँक यूने कोणालाही लांब ठेवता येतं.

भाजी चांगली होती. तिखट जरा जास्त. दोनदा घेतली, तपासायला.

ॲपमध्ये एक बटण सापडलं. ब्लॉक. इतके दिवस मी पासवर्डच्या मागे होते आणि हत्यार इथे पडलेलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. ४.५५

बोट बटणावर. रंगेहाथ पकडायचं, म्हणून आधी येऊ द्यायचं.

५.००
आला.

५.०१
ब्लॉक.

५.०४
भिंतीपलीकडून रंभाचा आवाज, अवो भाऊजी, कावून दिसून नाही राहिली वो? आताच तं होती!

५.०७
देवराव धावत आत. हा माणूस धावतो! राउटरचे दिवे बघितले, कपाटावर थाप मारली, परत गेले.

५.४०
देवराव परत आले. पाणी प्यायले. माझ्याकडे बघितलं. भरलेली झारी कोपऱ्यात ठेवली. कुंड्या कोरड्याच.

मी जिंकले. एकही वाकडा शब्द न बोलता. टाइम ऑफिसात माझं नाव होतं ते यासाठीच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाचला कोणी आलं नाही. यादीत बारा. सगळे ओळखीचे. इतकं स्वच्छ मस्टर बघून समाधान वाटलं.

रंभाची ओसरी गप्प. देवराव लवकर झोपले. घरात इतकी शांतता आहे की पाणी शुद्ध करायचं मशीन ऐकू येतं.

१६ नोव्हेंबर, रविवार. १०.००

साडी बदलून बसले आहे. आज रेणूला निबंधाबद्दल विचारायचं.

१०.२५
विसरली असेल.

११.१०
मीच लावला. सूनबाईने, अनुजाने घेतला. अनुजाचा आवाज खाली. रेणू बोलायला येत नाही म्हणाली, शुक्रवारपासून रुसली आहे. बालदिनाला शाळेत गोष्ट सांगायची स्पर्धा होती. मराठीतून. रेणूला दुसरं बक्षीस मिळालं. अस्वलाची गोष्ट, कान-शेपूट लावून. तशीच घरी आली, कान काढू देईना, आजीला गोष्ट सांगायची म्हणून. फोन लागला, अर्ध्या मिनिटात तुटला, मग लागलाच नाही. अर्धा तास कान लावून बसली होती.

मी म्हटलं, हे साफ खोटं आहे. शुक्रवारी माझा फोन पूर्ण वेळ हातात होता. त्यावर कोणाचाही फोन आला नाही.

अनुजाने तिकडे दार लोटलं. मग म्हणाली, आई, तुम्हाला नाही. आजी म्हणजे रंभाआजी.

सिग्नल चांगला होता. सगळं ऐकू आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

देवराव काल रात्री जेवताना सगळं बोलले.

तेरावा म्हणजे टॅब आहे. माझा. मी रिटायर झाले तेव्हा प्रशांतने दिला होता. पाटीवर खेळायचं वय नाही म्हणून मी तो खोक्यासकट याच लोखंडी कपाटात ठेवला. दिवाळीत देवरावांनी विचारलं होतं, तो तुले लागून राहिला का. मी म्हटलं होतं, न्या, आणि कुठेही टाका. ते रंभाच्या ओसरीत टाकून आले.

म्हणजे खोक्यावर माझं नाव, वायफाय माझं, नात माझी.

मला का नाही सांगितलं, विचारलं. देवरावांनी भात कालवायचं थांबवलं. म्हणाले, पोरगी म्हणते, आजीशी बोललं का पेपर तपासून घेतल्यावानी वाटते.

मी उठून ताट घासलं. त्यांचंही घासलं, त्यांचं जेवण व्हायचं होतं.

मी तिच्या भल्यासाठी करते. मला कोणी सवलत दिली होती? नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये मी 'मले' म्हटलं की सिस्टर बोटांच्या सांध्यांवर पट्टी मारायच्या. म्हणून आज मी कुठेही उभी राहून बोलू शकते. पालकांच्या दिवशी मी आईला सांगितलं होतं, तू काही बोलू नकोस, नुसती हस. ती पूर्ण वेळ हसत उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या होत्या, व्हॉट अ स्वीट मदर.

हे इथे का लिहिलं माहीत नाही. वायफायशी याचा संबंध नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. १२.००

ब्लॉक काढायचं बटण सापडत नाही. घालायचं पहिल्या पानावर, काढायचं कुठेच नाही. कमलेशजींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, दोन ठिकाणी दाबलं, झालं. विचारलं, मॅडम, चोर मिला? मी म्हटलं, घरचाच होता. ते म्हणाले, अक्सर घर का ही निकलता है. मग त्यांनी आणि देवरावांनी मिळून कपाट सरकवलं. मागे भिंतीवर चाळीस वर्षांच्या कपाटाने या घरातल्या पंधरा वर्षांत पाडलेला चौकोन होता, आणि माझी हरवलेली विणकामाची सुई.

रजिस्टरमध्ये लिहिलं. क्र. १३, टॅब, स्वतःची मालमत्ता. शेरा: बाहेर ड्यूटीवर.

निश्चय: आज पाचला रंभाकडे जायचं. फक्त रेंज तपासायला. कपाट सरकवल्यावर फरक पडला का, हे मालकाने बघितलंच पाहिजे.

६.१५

गेले. पुढच्या दाराने. देवराव भिंतीपलीकडे पाण्याची झारी घेऊन उभे होते, मला तिथे बघून झारीतलं पाणी त्यांच्याच चपलेवर.

टॅब डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला. काचेत रेणू. मांडी घालून, केस विस्कटलेले, एका हाताने पायाचा अंगठा धरलेला. असं मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला बघितलं आणि ताठ बसली. केस कानामागे. मग विचारलं, आजी, आज परीक्षा आहे?

मी म्हटलं, नाही, रेंज बघायला आले आहे.

रेणूने रंभाकडे बघितलं. रंभा म्हणाली, बसा न वयनी, कावून उभ्या? आणि माझ्या पुढ्यात मटारची टोपली सरकवली. हात रिकामे नको, म्हणाली, हात रिकामे असले का तोंड चालते. तिने हे मला उद्देशून म्हटलं नसावं.

पोरीने अस्वलाची गोष्ट पुन्हा सांगितली. अस्वल नदी ओलांडतं, मोहाची फुलं खातं, झिंगतं, पाटलाच्या वरातीत शिरतं आणि लोक त्याला नवरदेवाचा मामा समजून घोंगडी देतात. देवराव भिंतीवरून सगळ्यांत आधी हसले, अजून हसायची जागा आलेली नसताना. रंभा मध्येच म्हणे, अवो बाई, मंग काय झालं, जसं काही तिला माहीतच नाही.

एकोणीस चुका. मी मोजल्या. एकही सांगितली नाही. दीड किलो मटार सोलले.

गोष्टीत एका जागी अस्वल म्हणतं, मले घरी जाऊ द्या. ते वाक्य रेणूने फार छान म्हटलं. ही चूक धरलेली नाही. म्हणजे अठरा.

निघताना मागून ऐकू आलं. रेणू रंभाला विचारत होती, उद्या पण ती येणार का? रंभा म्हणाली, तू सांग, येऊ देऊ का? बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, चित्र गोठलं.

मग रेणू म्हणाली, बोलली नाही तर येऊ दे.

१९ नोव्हेंबर, बुधवार. ४.४५

एका दिवसात रेंजचा अंदाज येत नाही. निदान आठवडाभर बघावं लागेल. कॅन्व्हासचे बूट घातले नाहीत, पायाचा आवाज होऊ दे.

मटार संपलेत, म्हणून हरभऱ्याची जुडी घेतली आहे. निवडायला वेळ लागतो.

रजिस्टरमध्ये एक ओळ वाढवली. क्र. १४, मी. येण्याची वेळ ५.००. शेरा: पास एका दिवसाचा, रोज नवा काढावा लागेल.